वांग्याचा बैल

दुपारी चारच्या सुमाराला तोयोबाई स्वयंपाकघराच्या पायरीशी जुनं वर्तमानपत्र पसरायच्या आणि शेतावरून आलेली भाजी त्यावर ओतायच्या. मग त्यांची लेक हिसायो समोर येऊन बसायची. वय पंचेचाळीस, पण बसणं शाळेत नव्यानं घातलेल्या पोरीचं. गुडघे जुळवलेले, मांडीवर वही. तोयोबाई एकेक भाजी उचलून धरायच्या.

“दाइकोन.”

“दाइकोन,” हिसायो म्हणायची आणि वहीत मुळा काढायची.

“नेगी.”

“नेगी.” पातीचा तो लांबलचक कांदा वहीच्या पानात उभा मावायचा नाही, आडवा काढावा लागायचा.

उच्चार बरोबर आला तर तोयोबाई मान हलवून भाजी डावीकडे ठेवायच्या. चुकला तर पुन्हा म्हणायच्या, तितक्याच सावकाश, न कंटाळता. हिसायो या घरी राहायला आल्याला चार महिने होऊन गेले होते, आणि माय-लेकींचं जे काय बोलणं झालं होतं ते एवढंच. सून सुमिए गॅसपाशी पाठमोरी उभी असायची. ती एकदा म्हणाली, “आई, तिला एखादं वाक्य शिकवा की. नुसती मंडई पाठ करून कुणाशी बोलणार आहे ती?” तोयोबाईंनी ऐकलं न ऐकलंसं केलं आणि भोपळा उचलला.

खरं म्हणजे हिसायोजवळ वाक्य होतं. एकच, पण नीट पाठ केलेलं.

गेल्या हिवाळ्यात चीनमधून मायदेशी जपानला परतलेल्या तिच्यासारख्या माणसांना सरकारनं चार महिने एका केंद्रात ठेवलं होतं. तिथल्या बाईंनी एक दिवस सगळ्यांना विचारलं, तुम्हाला कुठलं वाक्य यायला हवंय? कुणी म्हणालं, हे केवढ्याला. कुणी म्हणालं, इथं दुखतंय. हिसायोनं आपलं वाक्य चिनीत सांगितलं तेव्हा बाई थोडा वेळ खडू हातात धरून उभ्या राहिल्या. मग फळ्यावर न लिहिता त्यांनी ते एका चिठ्ठीवर सोप्या अक्षरांत लिहून दिलं. आई, त्या दिवशी तू मागं वळून पाहिलं होतंस का?

त्या दिवशी हिसायो चार वर्षांची होती. या खोऱ्यातली निम्मी घरं तेव्हा चीनमधल्या मांचुरियात जमिनी मिळाल्या म्हणून जाऊन राहिली होती. युद्ध हरल्याची बातमी आली तेव्हा बाप्ये सगळे सैन्यात. उरलेल्या बायका पोरांना घेऊन चालत सुटल्या. तोयोबाईंच्या हाताशी नऊ वर्षांचा कात्सुमी, पाठीला बांधलेला आठ महिन्यांचा मुत्सुओ, आणि मधली ही. सहाव्या की सातव्या दिवशी त्यांनी हिला एका चिनी शेतकऱ्याच्या अंगणात ठेवलं आणि त्या पुढं गेल्या.

का ठेवलं हे हिसायोनं कधी विचारलं नसतं. तिला वाढवणाऱ्या चिनी आईनंच तिला लहानपणी सांगितलं होतं, की बाई, नाहीतर तुला वाटेवर पुरावं लागलं असतं. ते तिला पटलं होतं. पटण्यासारखंच होतं. स्वतः आई झाल्यावर तर जास्तच पटलं. पण तिला आठवत होतं ते असं: हातात उकडलेलं मक्याचं कणीस, गरम, बोटं भाजतील एवढं. दोन दिवसांची भूक. ती कणसावर तुटून पडली होती. आणि मान वर केली तेव्हा उंच ज्वारीत शिरणारी एक पाठ, पाठीवर बाळाचं गाठोडं, त्याला बांधलेलं एक पातेलं उन्हात चमकत असलेलं. मग ज्वारी मिटली.

ती खात होती तेवढ्या वेळात आईनं वळून पाहिलं असेल, नसेलही. पाहिलं असेल तर ते पाहायला हिसायोचीच नजर जागेवर नव्हती. चाळीस वर्षं तिनं तिकडं शूछिन या नावानं संसार केला, खतं टाकली, डुकरं पाळली, नवरा पुरला, लेक उजवली. मका दर वर्षी लावला आणि दर वर्षी खाल्ला. पण हे एक तिच्या पोटात तसंच बसून राहिलं.

तिकडं ती जगत होती आणि इकडं ती मेली होती. युद्धानंतर चौदा-पंधरा वर्षांनी सरकारनं बेपत्ता माणसांची नावं मिटवायला काढली, तेव्हा घरच्यांच्या सहीनं हिसायोही कागदावर वारली. पितरांच्या देव्हाऱ्यात बापाची, मुत्सुओची आणि तिची अशा नावाच्या तीन काळ्या पाट्या ओळीनं उभ्या राहिल्या. बाप सैबेरियात रशियनांच्या कैदेत वारला होता आणि मुत्सुओ युद्ध संपलं त्याच हिवाळ्यात निर्वासितांच्या छावणीत. दोन वर्षांपूर्वी वर्तमानपत्रात आईबापांच्या शोधात आलेल्यांचे फोटो छापून आले, आणि हनुवटीवरच्या भाजल्याच्या डागावरून कात्सुमीनं बहिणीला ओळखलं. चुलीवर ढकललं होतं त्यानंच. मग रक्ताच्या तपासण्या झाल्या, कागद झाले, आणि कात्सुमी तिची पाटी फडक्यात गुंडाळून देवळात नेऊन देऊन आला. देव्हाऱ्यात तेवढी जागा मोकळी राहिली. तिथं धूळ धरलेला एक चौकोन होता. सुमिए तो पुसायची, पण लाकडाचा रंगच निराळा झाला होता.

दादाला विचारण्यासारखं होतं, पण दादा जुन्या गोष्टी निघाल्या की उठून बाहेर जायचा. झाडांना पाणी द्यायचं असायचं, नाहीतर ट्रॅक्टरचं काहीतरी. सुमिएवहिनी तोंडानं फटकळ. “हिसायो-सान, तुमच्या त्या लसणानं माझे पडदेसुद्धा चिनी व्हायला लागलेत,” असं म्हणायची, आणि संध्याकाळी हिच्या खोलीत गुपचूप जाड गादी आणून टाकायची. तिच्याशी दोन शब्द होत. पण हे तिला कसं विचारणार? ती तिथं नव्हतीच.

उरली आई. आई सत्त्याहत्तर वर्षांची, वाळलेल्या शेंगेसारखी, आणि भाज्यांपलीकडं अक्षर न बोलणारी. हिसायो येऊन उभी राहिली त्या पहिल्या दिवशीही तोयोबाई तिच्याकडं बराच वेळ पाहत राहिल्या होत्या, मग हात धरून तिला स्वयंपाकघरात नेलं होतं आणि टोपलीतलं गाजर दाखवून म्हणाल्या होत्या, “निन्जिन.” शेजारच्या बायका डोळ्यांना रुमाल लावायच्या तयारीनं आलेल्या. त्या हिरमुसून परत गेल्या.

हिसायोला आधी वाटलं, आईच्या लेखी आपण चारच वर्षांच्या आहोत. तिथूनच पुढं सुरू करायचंय तिला. यात एक गोडवा होता. मे महिन्यात बांबूचे कोंब आले, जूनमध्ये घेवडा, मग काकडी, वांगी. वही भरत गेली. रात्रीची भांडी घासताना ती मनातल्या मनात म्हणायची, नासू म्हणजे वांगं, क्यूरी म्हणजे काकडी, आणि शेवटी आपलं ते वाक्य. अजून थोडे शब्द होऊ देत, मग विचारू.

जुलैच्या शेवटी सुमिएनं शेतातून मक्याची कणसं आणली आणि भाजीबरोबर वर्तमानपत्रावर टाकली. तोयोबाईंनी वांगं दाखवलं, आलं दाखवलं. कणसापाशी हात आला, थांबला. मग त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. दुसऱ्या दिवशी हिसायोनं कणीस मुद्दाम सगळ्यांत वर ठेवलं. तोयोबाईंनी ते बाजूला सारून खालची मिरची घेतली. वहीत मक्याचं चित्र होतं, त्याच्यापुढं जागा कोरीच राहिली.

हिसायो त्या दिवशी एकटीच हसली. आईला आठवतंय. म्हणजे विचारलं तर उत्तर आहे.

तिनं दिवसही ठरवला. ऑगस्टच्या मध्यावर ओबोनचे, म्हणजे पितर घरी येण्याचे दिवस. पंधरा तारखेला दादा-वहिनी वहिनींच्या माहेरी जाणार होते, घरात दोघीच. आपण आपल्या हातचं जेवण करू, प्रत्येक पदार्थात काय काय आहे ते एकही चूक न करता आईला सांगू, आणि आईनं मान हलवली की त्याच दमात विचारू.

तेरा तारखेला तोयोबाईंनी देव्हाऱ्यापुढं गवताची चटई अंथरली. कमळाच्या पानावर फळं, गोड वड्यांची भजी, तांदूळ. मग दोन काकड्या आणि दोन वांगी घेऊन बसल्या. चॉपस्टिकच्या काड्या मोडून त्यांनी काकडीला चार पाय टोचले, वांग्याला चार पाय टोचले. एक जोडी मोठी, एक लहान. मक्याचे केस शेपटीला लावतात, ते त्यांनी लावले नाहीत, गवताचे लावले. हिसायो पाहत होती. तोयोबाईंनी काकडी उचलून धरली.

“क्यूरी,” हिसायो म्हणाली.

तोयोबाईंनी मान हलवली. वांगं उचललं.

“नासू.”

पुन्हा मान हलली. ती काकडी आता घोडा आहे आणि ते वांगं बैल आहे, हे सांगायला मात्र दोघींपैकी कुणाकडंच शब्द नव्हते. एकीला येत नव्हते आणि दुसरी बोलत नव्हती. हिसायोला वाटलं, आपल्याकडं करायचे तसंच हे. तिची चिनी आई सातव्या महिन्यात मेलेल्यांसाठी कणकेची मेंढरं उकडायची. थाळीत मांडायची, उदबत्ती लावायची, आणि मेलेल्यांचं खाऊन झालं की पोरं मेंढरांवर तुटून पडायची. न खाल्लेलं उलट अशुभ. इथंही ती रोज पाहत होती, आई सकाळी देव्हाऱ्यात भाताची छोटी वाटी ठेवते आणि दुपारी तोच वाळका भात चहात बुडवून खाते. मेलेल्यांचं उष्टं जिवंतांनी संपवायचं, इकडंही तसंच.

संध्याकाळी दाराशी बर्चच्या सालीचा जाळ केला. सगळ्यांनी हात जोडले. पितर आले.

पंधराला सकाळी दादा-वहिनी गाडीनं निघून गेले. हिसायो स्वयंपाकाला लागली तर टोपलीत भाजी कमी. आदल्या दिवशी पाहुण्यांत बरीच उडाली होती, आणि उन्हात शेतापर्यंत जाऊन येण्यात वेळ मोडला असता. देव्हाऱ्यापुढं ती दोन वांगी आणि दोन काकड्या दोन दिवस बसून होती. काकड्या जराशा वाकल्या होत्या, वांग्यांच्या सालीवर सुरकुत्या पडायला लागल्या होत्या. अजून एक दिवस गेला असता तर फुकट गेली असती. तिनं उदबत्ती लावली, दोनदा वाकली, चारही उचलून आणली, काड्या उपसून काढल्या आणि वांगी चिरली.

वांग्याची लसूण घालून तेलावर परतलेली भाजी. काकड्या सुरीच्या पात्यानं ठेचून व्हिनेगर, मीठ, आणि पुन्हा लसूण. पांढरा भात. आईला बसवलं, वाढलं.

“नासू,” हिसायो एकेका पदार्थावर बोट ठेवून म्हणाली. “क्यूरी. निन्निकू. शिओ. आबुरा.” वांगं, काकडी, लसूण, मीठ, तेल. एकही चुकलं नाही.

तोयोबाई खात होत्या. त्यांना आवडलं होतं. लसणाला नाक मुरडणारी म्हातारी वाटी पुढं करत होती. “चव आहे तुझ्या हाताला,” त्या म्हणाल्या. भाजीचं नाव नसलेलं असं त्यांचं हे पहिलंच वाक्य असेल. हिसायोनं वाटी भरली. तिचे कान तापले होते. तिनं हात मांडीवर ठेवले, पाठ ताठ केली. “आई,” ती म्हणाली.

बाहेर गाडी थांबली.

उन्हाचा त्रास होईल म्हणून सुमिएच्या माहेरच्यांनी त्यांना लवकर काढून दिलं होतं. सुमिए आत आली, आधी देव्हाऱ्याकडं गेली, माहेरून आणलेले पीच ठेवायला. आणि तिथूनच तिचा आवाज आला, नेहमीचा फटकळ नव्हे, अगदी खालचा. “बैल कुठं गेले?”

ती खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. ताटाकडं पाहिलं. ओट्याच्या कडेला मोडक्या काड्यांचा ढीग होता, त्याकडं पाहिलं. “हिसायो-सान,” ती म्हणाली, “अहो, घोड्यावर बसून ते घाईघाईनं येतात. आणि उद्या त्या बैलावर बसून सावकाश परत जातात. ते खायचे नसतात हो. नदीत सोडायचे असतात. ती लहान जोडी मुत्सुओची होती.”

तिनं हातानं, बोटानं, घोड्याच्या टापांनी, सगळ्यानं समजावलं. पण समजायला एवढं लागलंच नाही. आईच्या हातातल्या चॉपस्टिक खाली आल्या होत्या, त्यावरून हिसायोला कळलं.

तोयोबाई वाटीत बघत होत्या. वाटीत वांग्याच्या तीन फोडी उरल्या होत्या. मग त्यांनी हिसायोकडं पाहिलं आणि विचारलं, “भूक लागली होती?”

हा प्रश्न हिसायोला समजला. केंद्रातल्या पहिल्या आठवड्यातला प्रश्न. पण आई तो आजच्या हिसायोला विचारत नव्हती, हेही तिला समजलं. “माहीत नव्हतं,” ती म्हणाली. “मला माहीत नव्हतं.” तोयोबाईंनी मान हलवली. भाजीचं नाव बरोबर आलं की हलवायच्या तशीच. मग त्यांनी उरलेल्या तीन फोडी उचलून खाल्ल्या, एकेक, चावून, आणि वाटी पालथी ठेवली.

कात्सुमी शेताकडं गेला. ताजी वांगी-काकड्या घेऊन आला, सुमिएनं घाईनं नवे घोडे आणि बैल केले. सोळा तारखेला ते नदीवर सोडून आले. तोयोबाई गेल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणाल्या.

सतरा तारखेला चार वाजता हिसायो वही घेऊन पायरीशी बसली. वर्तमानपत्र तिनंच पसरलं. तोयोबाई आपल्या खोलीतून आल्या नाहीत. अठरालाही नाहीत. मग ती बसायची बंद झाली.

सप्टेंबरात दोघी घेवड्याच्या शेंगा सोलत असताना सुमिएनं सांगितलं. तिच्या सांगण्यात खोच नव्हती, सांगावं की नाही अशा आवाजात बोलत होती. “आईंचं मनच उडालंय. काल पाय चेपत होते तर म्हणतात, मुत्सुओला मी पाठीवर घेतलं होतं आणि हिला खाली ठेवलं. हिनं त्याचा बैल खाल्ला, तिचा हक्कच आहे. आता तो पोर कुठं अडकला असेल कुणास ठाऊक. मी म्हटलं, अहो, तिला काय ठाऊक, ती कणकेची मेंढरं समजली, मला खाणाखुणांनी सांगितलं तिनं. तर म्हणतात, मलाही तिनंच खायला घातला.” सुमिएनं शेंग मोडली. “तुमच्या नावाची पण जोडी करायच्या, दर वर्षी. सव्वीस वर्षं. यंदा एक जोडी कमी करायची म्हणून किती खूश होत्या.”

हिसायोनं निम्मं समजून घेतलं आणि निम्मं सुमिएच्या चेहऱ्यावरून भरून काढलं. ती शेंगा सोलत राहिली. आपण विचारायच्या आधीच आईनं आपल्या तोंडी एक प्रश्न घातला होता, त्याचं उत्तर मिळालं असं धरूनही टाकलं होतं. आणि तो प्रश्न हिसायोचा नव्हताच. पाठीवर कोण होतं आणि खाली कोण, याचा हिशेब तिनं चाळीस वर्षांत कधी केला नव्हता. हे सांगायला किती शब्द लागतील हे तिनं मोजून पाहिलं. तिच्या वहीत एकशे बेचाळीस होते. सगळे खायचे.

तरी तिनं प्रयत्न केला, नाही असं नाही. सुमिएला घेऊन ती एकदा आईच्या खोलीत गेली. सुमिएनं समजावलं, तिनं हात जोडले. तोयोबाई हो हो म्हणाल्या, उशीखालच्या गोड गोळ्या काढून दोघींच्या हातावर एकेक ठेवली. पोरीबाळींना वाटेला लावतात तसं.

नोव्हेंबरात सोललेली पर्सिमनची फळं वाळायला माळा करून माडीच्या खिडक्यांत टांगली, सगळं घर नारिंगी झालं, आणि त्याच आठवड्यात तोयोबाई संडासाच्या पायरीवरून पडल्या. खुब्याचं हाड गेलं, मग फुप्फुसात पाणी झालं. इस्पितळात दिवसा हिसायो बसायची. आता तिला बरंच येत होतं. नर्सशी बोलायची, डॉक्टरांचं ऐकून घरी सांगायची. लोणच्याच्या कारखान्यात दोन महिने बायकांत काम करून जीभ सुटली होती. तिचं वाक्य आता चिठ्ठीवाचून यायचं, आणि चिठ्ठीत नसलेली आजूबाजूची वाक्यंही यायची. रागावून विचारत नाही, आई. ठेवलंस ते बरंच केलंस, मी जगले. एवढंच सांग.

एक दिवस दुपारी आईचा ताप उतरला होता. ताट आलं होतं, पातळ भात आणि रस्सा. हिसायोनं चमचा बाजूला ठेवला.

“आई, त्या दिवशी...”

तोयोबाईंनी हात उचलला. सलाईनची नळी लावलेला हात, थरथरत वाटीपर्यंत गेला. रश्श्यातली एक पांढरी फोड त्यांनी बोटांत धरली आणि वर केली. डोळे हिसायोवर होते. त्या डोळ्यांत काय होतं ते हिसायोनं पुढं कितीदा तरी आठवून पाहिलं. विनवणी होती असं एकदा वाटायचं, एकदा वाटायचं काहीच नव्हतं, नुसती म्हातारी माणसं बघतात तसं बघणं.

“हे काय?” तोयोबाई म्हणाल्या.

रस्सा आईच्या मनगटावरून ओघळत होता. हात खाली येईना.

“दाइकोन,” हिसायो म्हणाली.

“बरोबर.”

फोड वाटीत पडली. तोयोबाईंनी डोळे मिटले. त्यानंतर ताप चढला तो उतरला नाही. नवव्या दिवशी त्या गेल्या.

देव्हाऱ्यात त्यांच्या नावाची पाटी आली आणि त्या निराळ्या रंगाच्या चौकोनावर उभी राहिली. जागा होती तेवढीच होती.

पुढच्या ऑगस्टात ओबोन आला. सुमिएनं टोपली हिसायोसमोर सरकवली. “या घरचे बैल लेकीनंच करायचे. मला सांगू नका जमत नाही म्हणून.” हिसायोनं काड्या मोडल्या. वांगं उभं राहीना, एका बाजूला कलंडायचं. सुमिएनं डोकावून पाहिलं आणि म्हणाली, “पाय जरा फाकवून टोचा. तुमच्या आईला पाडाल वाटेत.” दोघी थोड्या हसल्या. मग हिसायोनं बैलाच्या शेपटीला मक्याचे केस लावायला घेतले, आणि विचारलं, या भाजीला काय म्हणतात? सुमिए बघतच राहिली. दीड वर्ष झालं, आणि हे येत नाही? “तोमोरोकोशी,” ती म्हणाली. हिसायोनं वही आणून चित्रापुढच्या कोऱ्या जागेत लिहिलं. पहिल्याच फटक्यात बरोबर आलं. मान हलवायला कुणी नव्हतं.

सोळा तारखेला संध्याकाळी ती आणि कात्सुमी नदीवर गेले. नदीत काही सोडू नये अशी नवी पाटी लावली होती. कात्सुमीनं त्या पाटीकडं पाठ केली आणि पाण्यात उतरायला बहिणीला हात दिला. तिथं, गुडघाभर पाण्यात, तिनं त्याला विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, आणि तो निघून जाऊ शकत नव्हता, कारण त्याच्या हातात तिचा हात होता.

“दादा, त्या दिवशी आईनं मागं वळून पाहिलं होतं?”

“मी पुढं होतो,” तो म्हणाला. “तांदळाची पिशवी माझ्याकडं होती. आई म्हणाली, पुढं बघून चाल, वळलास तर मार खाशील. मी वळलो नाही.”

“नंतर कधी बोलली?”

“नाही.”

“तू विचारलंस?”

“नाही,” तो म्हणाला. “तू दिसतेस का हे बघायला मीच वळलो नव्हतो. तिला कुठल्या तोंडानं विचारणार?”

हिसायोनं बैल पाण्यावर ठेवला. तो वाहायला लागला. या खेपेला तिच्या हातात काही नव्हतं, तोंडात काही नव्हतं. ती डोळ्यांची पापणी न लववता पाहत राहिली. खडकाशी पाणी गोल फिरत होतं, तिथं वांगं अडखळलं आणि गरकन वळलं. काड्यांचे पुढचे पाय क्षणभर इकडं झाले. तो भोवरा होता हे तिला दिसत होतं. मग ओढीनं ते पुन्हा सरळ झालं आणि वळणाआड गेलं.

“चल,” कात्सुमी म्हणाला. “पाय गार पडतील.”